लाल टोकाची पट्टी

कचेरीतून मोजणीबाई चार वाजता येणार होती. भोंगाकाका अडीचलाच येऊन बसले.

"वही कुठंय?" आत येताच त्यांनी विचारलं.

"आहे तिथंच आहे," आबा म्हणाले.

"तिथंच म्हणजे कुठं?"

"तिच्या उशीखाली."

भोंगाकाकांनी खाटेकडे पाहिलं. वहिनीला जाऊन सव्वा महिना झाला होता आणि दादानं अजून उशी हलवली नव्हती, हे त्यांना आत्ता कळलं. ते आबांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं रंगाच्या कारखान्यात भोंगा वाजवायच्या कामावर होते. भोंगा गेला, कारखाना गेला, आवाज तेवढा राहिला. त्यांनी कुजबुज केली तरी समोरच्या घरातल्या दोरवाल्या आजी खिडकीत येत.

वही थोरल्या लेकीनं आणली. सासरहून ती सकाळीच आली होती. सव्वा महिन्यात तिची ही चौथी खेप. तिनं वही पदरानं पुसून टेबलावर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, रंगाच्या कारखान्यात वजनं लिहायला असायची तसली. आई तिथं वजनकाट्यावर होती. रंगाची भुकटी मापून द्यायची. एक चिमूट इकडची तिकडे झाली की शंभर तागे कापड वाया, म्हणून त्या जागेवर बायका फार टिकत नसत. आई सव्वीस वर्षं टिकली.

"वाच," भोंगाकाका म्हणाले. "बाईसमोर अडखळायला नको."

"मला काय वाचायला लावता? मला पाठ आहे," थोरली म्हणाली, पण वाचू लागली.

नदी चढली की आई धक्क्यावर जायची. तिथं जुन्या क्रेनचा दगडी खांब होता. पाणी ओसरलं की खांबावर गाळाची रेघ उरायची. खांबाच्या पायापासून त्या रेघेपर्यंतचं माप ती घ्यायची आणि वहीत लिहायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पगार नव्हता. का लिहितेस असं आबांनी लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, कुणीच लिहीत नाही म्हणून.

"चार फूट दोन इंच. रेघ काळी. दोरखान्याचं डांबर," थोरली वाचत होती. "सहा फूट. रेघ पांढरी. साबणवाल्यांची पिंपं फुटली. मुलं फेसात खेळली, ओरडून उपयोग नाही. पाच फूट एक इंच. रेघ तांबडी, आमच्या कारखान्याची. मुकादम म्हणतो आमची नाही."

"मुकादम खोटारडाच होता," भोंगाकाका म्हणाले.

"तीन फूट नऊ. रेघेला रंग नाही. दोरखाना बंद होऊन महिना झाला." तिनं पुढची पानं भराभर उलटली. "आणि हे. मोठा पूर. दहा फूट चार इंच. रेघ निळी."

"बस. तेवढंच हवंय." भोंगाकाकांनी गुडघ्यावर थाप मारली. "साडेदहा फुटांची रेषा. आपण दोन इंच खाली. गल्ली वाचली."

सगळा घोळ त्या साडेदहा फुटांचा होता. नदीच्या पलीकडे जुन्या गोदामांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापुढं उंच भिंत. आता पाणी इकडे वळणार, म्हणून कचेरीनं नवी पूररेषा आखायला घेतली. अठरा वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात खांबावर साडेदहा फुटांपर्यंत किंवा वर पाणी आलं असेल, तर गल्लीतली घरं पाडून माणसांना टेकडीवरच्या नव्या इमारतींत न्यायचं. कमी आलं असेल तर घरं राहतील. पुलावरची कचेरीची मोजपट्टी त्याच पुरात वाहून गेली होती. खांब सात वर्षांपूर्वी रस्त्यासाठी काढला. मोठ्या पुराचं माप जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि ते आबांच्या बायकोच्या उशीखाली होतं.

"पण काका, त्यांनी मागितलं होतं का?" आतून आबांच्या धाकट्या लेकानं विचारलं. तो बस चालवायचा. आज रजा घेऊन बसला होता. "नोंद नसेल तर जुनीच रेषा कायम राहील असं नोटिशीत लिहिलं होतं. जुन्या रेषेत आपली गल्ली नाहीच. तुम्ही आपणहून जाऊन वही आहे म्हणून सांगून आलात."

"मग? पुरावा असताना लपवायचा?"

"साप झोपला होता. तुम्ही त्याला कपबशीनं चहा पाजलात."

सूनबाईला हसू आलं. तिनं ते चहाच्या भांड्यावर झाकण ठेवण्यात लपवलं.

"तुला तर जायचंच आहे टेकडीवर," थोरली भावाला म्हणाली. "तुझं काय बिघडतंय?"

"हो, जायचंय. लपवत नाही. पोराला वर्षात आठ महिने खोकला. भिंतीला हात लावला की हात ओला. तुला काय, तू दर आठवड्याला येतेस, डोळे पुसतेस आणि कोरड्या घरी जातेस."

"आई होती इथं."

"आई होती तेव्हा तिलाही खोकला होता, ताई."

आबा ऐकत होते आणि त्यांना कळत नव्हतं की आपण कोणत्या बाजूला आहोत. सकाळी उठले तेव्हा वाटलं होतं घर राहावं. दहा वाजता नातू खोकला तेव्हा वाटलं जावं. आत्ता दोघंही बोलले ते खरंच वाटत होतं. ती असती तर त्यांनी तिच्याकडे पाहिलं असतं. ती एकाच्या बोलण्याला मान हलवायची, मग आबाही तीच मान हलवायचे. लोक म्हणायचे साचेवाल्याचं मत पक्कं असतं.

साचेवाले त्यांना अख्खी वस्ती म्हणे. ओतकामाच्या कारखान्यात त्यांचं काम लाकडाचं. जी वस्तू लोखंडात ओतायची तिचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा, त्या खड्ड्यात वितळलेला धातू. आबांचा नमुना कधी परत आला नाही, हे वाक्य थोरल्या साहेबांनी निरोपाच्या दिवशी म्हटलं होतं आणि घरी आल्यावर तिनं ते त्यांना दोनदा म्हणायला लावलं होतं.

मोजणीबाई चारला पाच कमी असताना आली. पंचविशी-तिशीची. खांद्याला पिशवी, हातात पोलादी फीत. बूट बाहेर काढावेत की नाही या विचारात उंबऱ्यावर थांबली.

"या, बाई, या," भोंगाकाका म्हणाले, आणि पलीकडे दोरवाल्या आजींची खिडकी उघडली.

तिनं वही हातात घेतली तशी आबांना बरं वाटलं. नीट धरली. पान उलटताना बोट ओलं केलं नाही. बराच वेळ वाचत राहिली. एका पानावर हसली आणि मोठ्यानं वाचलं, "रंगाचा कारखाना बंद होऊन तीन आठवडे. आज नदी पाण्याच्या रंगाची. पाहायला सगळी गल्ली. मला ओळखू आली नाही."

"सासूबाई अशाच बोलायच्या," सूनबाई म्हणाली.

"हे छापायला हवं." मोजणीबाईनं मोठ्या पुराचं पान उघडं ठेवलं. "पण आबा, मला आधी एक खात्री करावी लागते. राग मानू नका. याच पानावर, याच दिवशी त्यांनी आणखी काही मोजलं असेल आणि ते आजही जागेवर असेल, तर मी ते माझ्या फितीनं मोजते. दोन्ही जुळली की नोंद पक्की."

"मोजा की," भोंगाकाका म्हणाले. "काय वाटेल ते मोजा."

थोरली पानावर वाकली. "हे आहे. खालीच लिहिलंय. पुरात दार वाहून गेलं. नवं करायला टाकलं. चौकट सहा फूट सहा इंच."

"चौकट तीच आहे?"

"दगडी आहे," आबा म्हणाले. "माझ्या बापानं बसवलेली."

मोजणीबाईनं फीत उंबऱ्याला टेकवली. धाकट्यानं वरचं टोक धरलं. तिनं पाहिलं, फीत सोडली आणि पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं.

"सहा फूट सात इंच," ती म्हणाली. "आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त."

थोरलीनं वहीतला आकडा पुन्हा पाहिला.

"दीड इंचाहून जास्त फरक आहे," ती म्हणाली.

"दार फुगलं असेल," भोंगाकाका म्हणाले.

"दार नाही काका, चौकट मोजली. दगड आहे."

"दगडही ओल धरतो."

"धरतो, पण उंच होत नाही," धाकटा म्हणाला.

"उंबरा झिजला असेल मग. इतकी माणसं येतात-जातात."

"दीड इंच? आपल्याकडे काय पलटण राहते?"

थोरलीनं पट्टी धरल्यासारखा हात वर केला. "मी होते तिच्याबरोबर. वीस वर्षांची होते. खांबाशी शिडी लावून मी वर धरत होते, ती खाली खुणा करत होती. दोन फुटांची पट्टी, एकावर एक पाच वेळा, आणि वर चार इंच. तिनं दोनदा मोजलं. मग घरी येऊन चौकट. ती पण दोनदा."

"खरंच मोजलं असेल," मोजणीबाई म्हणाली. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "पण गाळात उभं राहून, भिजलेल्या पट्टीनं... होतं असं. एका मापात चूक निघाली की मला दुसऱ्यावरही विसंबता येत नाही."

"मग?" भोंगाकाकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मग मी लिहिते, घरगुती नोंद, मोजणीत चूक, ग्राह्य नाही. आणि नोंद नसेल तर जुनी रेषा कायम."

"म्हणजे गल्ली राहते?"

"राहते."

भोंगाकाका मागे टेकले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला, मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं आणि तो आवरला. धाकटा हाताची घडी घालून भिंतीला टेकला. भिंत ओली होती, तो पुन्हा सरळ झाला.

"चूक असं लिहू नका," सूनबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. टेकडीवर जायची सर्वांत घाई तिलाच होती. "दुसरं काहीही लिहा. वही भिजली, वाचता येत नाही, काहीही. शेवटच्या आजारात डोळ्यांत औषध घालायला मी बसले तर मलाच म्हणायच्या, थेंब मोज, परत मोज. त्यांच्या नावापुढं चूक नका लिहू."

"मला कारण लिहावंच लागतं, वहिनी. आणि आबांची सही."

आबा उठले. "पाणी पिऊन येतो," असं म्हणाले.

स्वयंपाकघरात खिडकीशेजारी खिळा होता आणि खिळ्याला पट्टी. दोन फुटांची, पिवळ्या लाकडाची. लग्न झालं तेव्हा त्यांनीच तिला आणून दिलेली, असंच ते धरून चालले होते. कारखान्यातल्या पट्ट्या आबांच्या हत्यारपेटीत वेगळ्या असायच्या. त्यांना हात लावायचा नाही, एवढं त्यांनी तिला सांगितलं होतं. का लावायचा नाही ते सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही, आणि त्यांना वाटलं तिला माहीत असेल.

त्यांनी पट्टी खिळ्यावरून काढली. इतकी वर्षं ती डोळ्यांसमोर होती. तिच्यावरून त्यांनी कपाट केलं नव्हतं, कारण घरातलं लाकूडकाम ते स्वतःच्या पट्टीनं करत. ही तिची पट्टी होती. पडदे, अभ्रे, पोरांची उंची.

टोकाला काहीच रंग नव्हता. म्हणजे साधी. आबांनी अंगठा फिरवला. धुऊन धुऊन लाकूड गुळगुळीत झालं होतं. अगदी कडेला, पितळी टोपणाच्या फटीत, नखाएवढा लाल रंग होता.

त्यांनी पट्टी उलटी केली. 'पोलाद' असा शिक्का होता.

आबा ओट्याला टेकून उभे राहिले. पुरानंतर आठ दिवस ते घरी आलेच नव्हते. कारखान्यात पाणी भट्टीपर्यंत गेलं होतं, साचे तरंगत होते, आणि सगळे तिथंच राहून नमुने वाळवत होते. हत्यारपेटी मात्र ते आदल्या दिवशी घरी माळ्यावर ठेवून गेले होते, वाचावी म्हणून. पाणी घरातून गेलं तेव्हा खिळ्यावरचं सगळंच घेऊन गेलं. तिला मोजायचं होतं. तिनं माळ्यावरची पेटी उघडली आणि एक पट्टी घेतली. नंतर पेटीत एक कमी दिसली तेव्हा ती कारखान्यात राहून पुरात गेली असं आबांनी धरलं होतं. तिच्या हिशेबी पट्टी म्हणजे पट्टी.

"आबा, बरं वाटत नाही का?" सूनबाई दारात उभी होती. तिच्या मागून भोंगाकाका.

"ही वाढीव आहे," आबा म्हणाले.

"काय?"

"पोलाद गार झालं की आखडतं. फुटामागे पाव इंच. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. रोज कोण हिशेब करणार? म्हणून पट्टीच मोठी करतात. हिच्यावरचा फूट हा फुटापेक्षा पाव इंच मोठा आहे. बिडाच्या पट्टीचं टोक काळं, पोलादाच्या पट्टीचं लाल. लाल रंग गेलाय."

सूनबाईनं पट्टीकडे पाहिलं. भोंगाकाकांनी दादाकडे पाहिलं.

"म्हणजे दहा फूट चार..."

"म्हणजे दहा फूट साडेसहा," आबा म्हणाले. "वर थोडं."

भोंगाकाकांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग जन्मात पहिल्यांदा ते खरंच कुजबुजले.

"दादा, ठेव ती खिळ्याला."

"का?"

"अर्ध्या इंचासाठी बावीस घरं घालवणार आहेस? ती बाई लिहितेय चूक म्हणून, लिहू दे. सगळं आपोआप मिटतंय. देवानं ताट वाढून ठेवलंय आणि तू पाटावरून उठतोस."

"ती चुकली नव्हती."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. सूनबाईला कळलं. वहिनी गेली, दादा. कचेरीच्या एका कागदावर काय लिहिलंय त्यानं तिला आता काय होणार?"

भाऊ म्हणत होता ते बरोबर होतं. दोरवाल्या आजी पंच्याऐंशीच्या. टेकडीवरच्या चौथ्या मजल्यावर त्या महिनाभर टिकणार नाहीत. मग त्यांना आठवलं, मोठ्या पुरात याच आजींना खिडकीतून काढलं होतं, पाणी खाटेच्या वर होतं, आणि तेव्हा त्यांचं वय पंच्याऐंशी नव्हतं. पुढच्या वेळी पलीकडे भिंत असेल. म्हणजे सांगावं. पण सांगितलं की त्याच आजी दारातून शिव्या देतील. म्हणजे न सांगावं. इकडे मान हलवावी की तिकडे, ते कळेना. त्यांनी सवयीनं दाराच्या फटीतून खाटेकडे पाहिलं. उशी होती.

"तुझा भोंगा एकदा चार मिनिटं उशिरा वाजला होता," आबा म्हणाले.

"त्याचं आत्ता काय?"

"साहेबांनी वहीत लिहिलं, भोंगेवाल्याची चूक. तू वर्षभर सगळ्यांना सांगत होतास, चूक माझी नाही, घड्याळ मागं होतं. लग्नात, मयतीत, जिथं माणूस भेटेल तिथं."

"घड्याळ मागंच होतं," भोंगाकाका म्हणाले.

"असेल. मी कुठं नाही म्हणतोय?"

भोंगाकाकांनी दाराला धरलेला हात स्वतःच काढला.

आबांनी बाहेर येऊन पट्टी टेबलावर ठेवली.

"तुमची फीत ठेवा हिच्याशेजारी," ते मोजणीबाईला म्हणाले. "एक टोक जुळवा."

तिनं जुळवलं. फितीवरचे दोन फूट संपले, तिथून पट्टी आणखी अर्धा इंच पुढं गेली. थोरली, धाकटा, सगळे टेबलावर वाकले. नातूही मधून डोकं घालून पाहू लागला.

आबांनी सांगितलं. पोलाद, आखडणं, पाव इंच, लाल टोक, माळ्यावरची पेटी. त्यांना बोलायची सवय नव्हती. दोनदा मागचं पुढं झालं. मोजणीबाईनं मध्येच कागद घेऊन गुणाकार केला, मग चौकटीचा केला. चौकट जुळली. तिनं पेन खाली ठेवलं.

"आबा, तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ?"

"हो."

"दहा फूट साडेसहा. तुमची गल्ली रेषेच्या आत येते."

"हो."

"तुम्ही हे मला सांगायलाच हवं होतं असं नाही."

"माहीत आहे," आबा म्हणाले. ते का सांगितलं हे तिनं विचारू नये असं त्यांना वाटलं, कारण तेच त्यांना नीट माहीत नव्हतं. तिनं विचारलं नाही.

"मग शेऱ्यात काय लिहू? चूक कुणाची?"

"चूक लिहूच नका. माप बरोबर. पट्टी वाढीव, नवऱ्याची."

तिनं लिहिलं. आबांनी सही केली. मोजणीबाईनं पट्टी पुराव्यासाठी मागितली, आणि ते द्यायला तयार असतानाच थोरलीनं ती पटकन उचलून छातीशी धरली. "उद्या या," ती म्हणाली. "आजचा दिवस राहू दे." मोजणीबाई बरं म्हणाली, उंबऱ्यावरून जाताना चौकटीला उगाच हात लावून गेली.

घरात कुणाला कुणाकडे पाहावं ते समजेना. धाकट्याला हवं होतं ते मिळालं होतं आणि तो तोंड पाडून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "मला असं नको होतं."

"कसं हवं होतं?"

"माहीत नाही. भांडून."

थोरली त्याच्याशेजारी जाऊन बसली. ओल्या भिंतीला टेकून.

भोंगाकाका चप्पल शोधत होते. एक सापडली, दुसरी सापडेना. "गल्लीला कोण सांगणार आता?" ते म्हणाले. "मीच का? मीच सांगणार. वही आहे म्हणून मीच बोंब मारली होती." मग समोरच्या खिडकीकडे पाहून म्हणाले, "आजी, ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं," आजी म्हणाल्या. "चौथा मजला म्हणे. पोहत यायचं नाही ना तिथं पाणी?"

"नाही."

"मग बघू. त्या साचेवाल्याला म्हणावं, तुझी बायको एका हातानं मला खिडकीतून ओढत होती आणि दुसऱ्या हातात पट्टी होती. तेव्हाच मला वाटलं, ही बाई वेडी आहे." आणि खिडकी बंद झाली.

भोंगाकाका दुसरी चप्पल न घालताच गेले. दाराशी थांबले. "पडदे," ते म्हणाले.

"काय?"

"तुमच्या घरचे पडदे. नेहमी आखूड."

आबांनी खिडकीकडे पाहिलं. पडदा खालून दीड बोट वर होता. पुरानंतरचा प्रत्येक पडदा तसाच. ती दुकानात जाऊन पाच फूट सांगायची, दुकानदार पाच फूट द्यायचा, आणि घरी येऊन लावला की खिडकी खाली उघडी. तिनं तीन दुकानं सोडली. एका दुकानदाराशी तर अजून बोलणं नव्हतं. आणि आबा, ज्यांचा नमुना कधी परत आला नाही, दर वेळी जेवताना म्हणायचे, तुला पट्टी धरता येत नाही. रागानं नाही. थट्टेनं.

त्यांनी वही ओढून घेतली. मोठ्या पुराचं पान सगळ्यांनी इतक्यांदा उघडलं होतं की ते आपोआप उघडलं. त्यांनी ते सोडून वहीची शेवटची पानं काढली. ती आजवर कुणी वाचली नव्हती, तिथं नदी नव्हती म्हणून. घरातलीच मापं होती. अक्षर तेच, बारीक, सरळ.

खिडकी पाच फूट.

त्याखाली, दुसऱ्या शाईनं: पुन्हा मोजली. पाच फूट.

त्याखाली, पुढच्या वर्षीच्या तारखेला: पुन्हा मोजली. पाच फूटच.